वहिवाट: बोलोन्याच्या ओवऱ्यांखालून

बोलोन्यात पायी चालणारा माणूस बराचसा वेळ दुसऱ्याच्या मालकीच्या जागेतून चालत असतो. डोक्यावर कुणाच्या तरी दिवाणखान्याची तक्तपोशी असते, बाजूला कुणाच्या तरी दुकानाची काच, आणि पायाखालची फरशीसुद्धा बहुतेक ठिकाणी त्याच घरमालकाची. तरीही त्याला कुणी हटकत नाही, कारण ती जागा मालकाची असली तरी तिच्यावरून जाण्याचा हक्क साऱ्या गावाचा आहे. सातशे वर्षांहून जुना असा हा हक्क आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी. एका सत्रासाठी रोमन कायदा शिकायला या शहरात राहिले. वर्गात जे शिकले त्यातलं बरंचसं पुस्तकात मिळालं असतं. पण जागेची मालकी आणि जागेचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी कशा असतात, हे मला या शहराच्या रस्त्यांनी शिकवलं.

बोलोन्याच्या या कमानदार, छताखालच्या वाटांना तिथे ‘पोर्टिको’ म्हणतात. आपल्या देवळांच्या प्राकारात असतात त्या ओवऱ्या डोळ्यांपुढे आणा. फक्त इथे त्या देवाच्या आवारात नाहीत, घरांच्या पुढे आहेत आणि एका घराची ओवरी पुढच्या घराच्या ओवरीला जोडलेली आहे. सगळ्या मिळून त्यांची लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. त्यातले ३८ किलोमीटर जुन्या शहरातच आहेत. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला मात्र वारसा नंतर कळतो. आधी कळतं ते एवढंच की नोव्हेंबरच्या पावसात रेल्वे स्टेशनाजवळून निघून, इंदिपेंदेन्त्सा रस्त्याने थेट पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकापर्यंत आलं तरी छत्री उघडावी लागत नाही. फक्त आडवे रस्ते ओलांडताना चार थेंब अंगावर येतात. हा रस्ता तसा नवा, १८८८ सालचा. स्टेशन आणि गावाचा मध्य जोडण्यासाठी तो सरळ काढला. पण एकोणिसाव्या शतकात रस्ता काढतानाही बोलोन्याने दोन्ही बाजूंना ओवऱ्या ठेवल्याच.

सुरुवात अतिक्रमणाने झाली, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त मोलाची वाटते ती हीच गोष्ट. अकराव्या-बाराव्या शतकात शहराची वस्ती वाढू लागली. तटबंदीच्या आत जागा तेवढीच. मग लोकांनी वरच्या मजल्याच्या तुळया रस्त्यावर पुढे काढल्या आणि त्यांच्यावर खोल्या वाढवल्या. तुळई जास्त पुढे गेली की तिला खालून आधार लागतो, म्हणून रस्त्यातच लाकडी खांब उभे राहिले. म्हणजे घर रस्त्यावर आलं. इटलीतल्या पुष्कळ शहरांत हेच घडत होतं आणि बहुतेक ठिकाणी राज्यकर्त्यांनी पुढे ते मोडून काढलं. रोममध्ये १४८० च्या सुमारास पोप चौथे सिक्स्टस यांनी असे पोर्टिको पाडायला लावले. अरुंद, अडथळ्यांच्या गल्ल्यांत सैनिकांना हालचाल करता येत नाही, आणि वरच्या खिडकीतून बायकांनी उखळं फेकली तरी सैन्य पळेल, असा सल्ला नेपल्सच्या फेरान्ते राजाने त्यांना दिला होता, असं त्या काळच्या एका रोजनिशीत नोंदलेलं आहे.

बोलोन्याने उलटी वाट धरली. १२८८ साली नगराने कायदा केला: नवं घर बांधायचं तर पोर्टिकोसह बांधायचं, आणि जिथे पोर्टिको असायला हवा पण नाही तिथे मालकाने तो घालून घ्यायचा. उंची किती हवी तेही ठरवलं, किमान सात बोलोन्यी फूट. तिथला फूट सुमारे ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे २.६६ मीटर, घोड्यावर बसलेला माणूस मान न वाकवता जाऊ शकेल एवढी. वरची खोली मालकाची. खालची वाट मोकळी ठेवायची आणि तिची डागडुजी मालकाने स्वतःच्या खर्चाने करायची. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर नगराने अतिक्रमण पाडलं नाही आणि माफही केलं नाही. त्याच्या बदल्यात वहिवाट घेतली.

आमच्याकडे तहसील कचेरीत वहिवाटीच्या अर्जांचे गठ्ठे असतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याचं कलम ५ त्यासाठीच वापरतात: बांधावरून जाणारी गाडीवाट कुणी नांगरली, कुणी काटे टाकून बंद केली, ती खुली करून द्या. त्या भांडणांत एक गोष्ट नेहमी दिसते. वाट देणाऱ्याला आपलं काही गेलं असं वाटत असतं. बोलोन्याच्या कायद्याची चतुराई अशी की त्याने वाट देणाऱ्याला वर एक खोली मिळवून दिली. देणं आणि घेणं एकाच खांबावर उभं राहिलं. म्हणून तो टिकला.

आणि ही वरची खोली कुणासाठी हवी होती? मोठ्या प्रमाणावर आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्यांसाठी. बोलोन्याचं विद्यापीठ १०८८ सालचं मानतात. ही तारीख एकोणिसाव्या शतकात, आठशेवा वर्धापनदिन साजरा करण्यासाठी ठरवलेली आहे. तेव्हा कुणी कोनशिला बसवली नव्हती. घडलं ते एवढंच की अकराव्या शतकाच्या अखेरीस इर्नेरियससारखे पंडित रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्याचा पाठ देऊ लागले आणि तो ऐकायला आल्प्स पर्वताच्या पलीकडून माणसं येऊ लागली. ती पायी यायची, खेचरावर यायची. वाटेत त्यांना लुटारूंइतकीच सावकारांची भीती असे. जर्मनीच्या एखाद्या व्यापाऱ्याने बोलोन्यात कर्ज बुडवलं की त्याच्या गावचा म्हणून भलत्याच विद्यार्थ्याला धरून त्याच्याकडून वसुली करत. ११५० च्या दशकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने हे बंद केलं. ‘आउथेन्तिका हाबिता’ या त्याच्या फर्मानाने शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्यांना येण्याजाण्याचं आणि राहण्याचं अभय दिलं, आणि दुसऱ्याच्या कर्जापायी त्यांना त्रास देण्यास मनाई केली. विद्यार्थी म्हणून परक्या मुलखात सुरक्षित फिरण्याचा हक्क युरोपात लेखी स्वरूपात आला तो इथे. पासपोर्टवरचा शिक्का पाहिला की मला त्या फर्मानाची आठवण येई.

या विद्यार्थ्यांनी आपले संघ केले. आल्प्सच्या अलीकडच्यांचा एक, पलीकडच्यांचा दुसरा. त्यांचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, हा विद्यार्थ्यांमधूनच निवडला जाई. शिक्षक तासाला उशिरा आला तर त्याला दंड होई. घरभाडं हा तेव्हाही सगळ्यांत अवघड विषय होता. म्हणून शहराचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी मिळून भाड्याचे दर ठरवत. ते न मानणाऱ्या मालकाच्या घरावर विद्यार्थी बहिष्कार घालत. आज त्या शहरात खोली शोधणाऱ्या कुणालाही हे वाचून हेवा वाटेल. मला वाटला.

त्यांचं खरं हत्यार मात्र त्यांचे पाय होते. विद्यापीठाची स्वतःची एकही इमारत नव्हती. पाठ होत ते शिक्षकाच्या घरी, भाड्याच्या खोलीत, मठात. सामान बांधलं की विद्यापीठ निघालं. १२२२ साली असाच एक मोठा गट शहराशी बिनसल्यावर उठून गेला आणि त्यातून पादुआचं विद्यापीठ झालं. विद्यार्थी गेले तर भाडं जातं, पुस्तकांच्या नकला करणाऱ्यांचा, शिंप्यांचा, खानावळवाल्यांचा धंदा जातो, हे शहराला कळत होतं. म्हणून त्यांना राहायला जागा देणं आणि ती देताना रस्ताही चालता ठेवणं, ही दोन्ही कामं एकदम करणं भाग होतं. १२८८ च्या कायद्यामागे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. व्यापार, कारागिरांना दारात बसून काम करायला हवी असलेली सावली, पावसाळी हवा, हे सगळं होतंच. पण या विद्यार्थ्यांना बाजूला ठेवलं तर ही ओवऱ्यांची नगरी समजत नाही.

माझी खोली मारसाला रस्त्याजवळ होती. त्या रस्त्यावर लाकडी खांबांचा एक पोर्टिको अजून उभा आहे. १५६८ साली लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडाचे खांब घाला असा हुकूम निघाला, त्यामुळे लाकडाचे थोडेच उरले. सर्वांत देखणे आहेत ते स्त्रादा माज्जोरेवरच्या कासा इसोलानीचे, तेराव्या शतकातले, सुमारे नऊ मीटर उंचीचे ओकचे सोट. त्यांच्यामध्ये उभं राहून वर पाहिलं की अतिक्रमण कसं झालं असेल ते दिसतं: तुळया, त्यांच्यावर घर, आणि खाली तुम्ही. तिथून थोडं पुढे सान्ता मारिया देई सेर्वी या चर्चचा पोर्टिको लागतो. तो रुंद, चारी बाजूंनी वेढणारा, बारीक संगमरवरी खांबांचा. आणि ‘सेन्त्सानोमे’ नावाच्या गल्लीत जेमतेम ९५ सेंटिमीटर रुंदीचा पोर्टिको आहे. समोरून माणूस आला तर एकाला थांबावंच लागतं. लोक थांबतात.

आमच्या इमारतीच्या खाली एका आजींचं लोकर-सुयांचं दुकान होतं. रोज सकाळी त्या दुकानापुढची फरशी ओल्या फडक्याने पुसत. आपल्या दारापुढची आणि थोडी शेजारच्या दारापुढचीही. मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारलं, ‘‘आजी, ही जागा तुमची की नगरपालिकेची?’’ त्या म्हणाल्या, ‘‘फरशी आमची आहे, बाळ. पण इथून जाणाऱ्याला अडवायचा हक्क मला नाही.’’ आणि पुन्हा पुसू लागल्या. त्यांना त्यात तक्रार करण्यासारखं किंवा सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. १२८८ च्या कायद्याचा इतका स्वच्छ अर्थ मला कुठल्याच टिपेत मिळाला नाही.

चालण्याचे काही नियम विद्यार्थ्यांनी स्वतःवर घालून घेतलेत. पदवी मिळण्याआधी आझिनेल्ली बुरुजावर चढायचं नाही. ९७ मीटर उंच, आत ४९८ लाकडी पायऱ्या, चढलात तर पदवी मिळत नाही म्हणतात. पियात्सा माज्जोरेच्या मधला उंच चौथरा तिरका ओलांडायचा नाही. मी हे नियम पाळले. शेजारचा गारिसेन्दा बुरूज आणखी कलल्याचं दिसल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही बुरुजांभोवतीची जागा बंद केली आहे आणि पूर्वेकडे जाणारे रस्ते त्यामुळे वळसा घेऊन जातात. साडेआठ-नऊ शतकं उभा असलेला, दान्तेने आपल्या काव्यात उल्लेखलेला बुरूज वाचवण्यासाठी बसगाड्या वळवणं मला योग्यच वाटतं.

विद्यापीठाला पहिलं स्वतःचं घर मिळालं ते १५६३ साली. पोप चौथे पायस यांच्या काळात, अंतोनियो मोरांदी या वास्तुकाराने आर्किजिन्नाझियो बांधलं आणि गावभर विखुरलेले वर्ग एका छताखाली आले. विद्यार्थ्यांची पायपीट कमी झाली. त्यांच्यावर नजर ठेवणंही सोपं झालं, आणि उठून निघून जाण्याची त्यांची जुनी ताकद तिथेच संपली असं माझं मत आहे. भिंतींवर आणि छतांवर सुमारे सहा हजार चिन्हं आहेत, परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांची, त्यांच्या घराण्यांची, गावांची. तासन्‌तास मी ती वाचत उभी राहिले आहे. कोपर्निकसचं चिन्ह तिथे सापडणार नाही, कारण तो या इमारतीच्या कितीतरी आधी, १४९६ साली आला. तोही कायदा शिकायला आला होता. आकाश पाहायला लागला तो इथल्या ज्योतिषाच्या प्राध्यापकाकडे राहून. इमारतीच्या पुढचा १३९ मीटरचा पोर्टिको हा आजही गावाचा फिरायला जायचा रस्ता आहे. आतला शरीरविच्छेदनाचा लाकडी रंगमंडप, १६३७ चा, २९ जानेवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यात कोसळला. ढिगाऱ्यातून निघाले ते लाकडी तुकडे आणि पुतळे वेचून तो पुन्हा उभा केला. १८०३ साली विद्यापीठ तिथून हललं आणि आजच्या झांबोनी रस्त्यावर गेलं. हा लुइजी झांबोनी म्हणजे १७९४ साली पोपच्या सत्तेविरुद्ध उठाव करू पाहणारा आणि पुढच्याच वर्षी तुरुंगात मेलेला तरुण विद्यार्थी.

ओवऱ्यांचा सर्वांत लांब पल्ला मात्र शहरातून बाहेर जातो, सान लुका टेकडीवरच्या मेरीमातेच्या देवळाकडे. १४३३ साली पाऊस थांबेना, पिकं कुजू लागली, तेव्हा तिथली मेरीची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणली. तेव्हापासून दरवर्षी ती खाली येते. पण चिखलाच्या चढावरून, पावसात ती आणायची कशी? म्हणून १६७४ साली झाकलेल्या वाटेचं काम सुरू झालं आणि १७२१ पर्यंत ती टेकडीच्या माथ्याला भिडली. ६६६ कमानी, जवळजवळ ३.८ किलोमीटर. पैसा सर्व थरांतल्या लोकांनी दिला. कुणाच्या पैशातून कुठली कमान झाली त्याच्या पाट्या अजून भिंतीवर आहेत. १७ ऑक्टोबर १६७७ ला शहरातल्या लोकांनी रांग करून बांधकामाचं सामान हातोहात वर पोचवलं. त्याची आठवण म्हणून आजही ऑक्टोबरात तशी रांग धरतात. मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत वाट सपाट आहे, नंतर चढ सुरू होतो आणि दम लागतो. परीक्षेच्या आधी विद्यार्थीही जातात. मीही गेले, आणि माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं हात धरून, दर काही कमानींना थांबत, चाललं होतं.

शहराने पायी चालणाऱ्याचा विचार पुढेही सोडला नाही. १९७३ साली बोलोन्याने गर्दीच्या वेळेत बसप्रवास फुकट केला, म्हणजे कामगार आणि विद्यार्थी मोटारी बाहेर काढणार नाहीत. शहराच्या बसची दुसरी आठवण मात्र दुःखाची आहे. २ ऑगस्ट १९८० ला रेल्वे स्टेशनात बाँब फुटला, ८५ माणसं मेली; तेव्हा रुग्णवाहिका पुरेनात आणि ३७ क्रमांकाच्या बसने मृतांना वाहून नेलं. स्टेशनच्या भिंतीवरचं घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलं आहे. माझी रोजची वाट मास्कारेल्ला रस्त्यावरूनही जाई. तिथे एका पोर्टिकोच्या भिंतीत गोळ्यांच्या खुणा काचेखाली जपल्या आहेत. ११ मार्च १९७७ ला फ्रान्चेस्को लोरुसो हा वैद्यकीचा विद्यार्थी तिथे गोळी लागून मेला. खाली फुलं ठेवलेली असत.

भांडणं आजही आहेत. पोर्टिकोत खुर्च्या-टेबलं किती मांडायची, रात्री विद्यार्थ्यांनी किती वाजेपर्यंत खांबांशी बसून बोलायचं, झोपायला जागा नसलेल्याने तिथे अंथरूण टाकावं की नाही, भिंतींवर रंगाने लिहिणाऱ्यांचं काय करायचं. वाद झडतात, निकाल होतात. पण वाट बंद करावी, ही मागणी मी त्या काळात कुणाच्याही तोंडून ऐकली नाही.

आपल्याकडे असं काही होणं शक्य नाही, असं परतल्यावर मला पुष्कळांनी ऐकवलं. त्यांना मी मुंबईतल्या दादाभाई नवरोजी मार्गावर घेऊन जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंत जाताना दोन्ही बाजूंच्या इमारतींचा तळमजला कमानदार आहे. तेव्हा हॉर्नबी रोड म्हटल्या जाणाऱ्या या रस्त्यावर इमारत बांधताना पादचाऱ्यांसाठी सलग कमानवाट ठेवावीच लागेल, असा नियम १८९६ साली सरकारने केला. इमारतींच्या शैली वेगवेगळ्या आहेत, पण कमानी एकीला एक लागून चालतात. बोलोन्याचीच वहिवाट, सहाशे वर्षांनी, आपल्याच शहरात. तिथे बसणाऱ्या विक्रेत्यांना हाकला असं मी म्हणत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांचाही हक्क मान्य केला आहे, आणि बोलोन्याच्या ओवऱ्यांतही कारागीर आणि विक्रेते बसत आलेच. त्यांना जागा आखून द्यावी आणि उरलेली वाट रुंदी मोजून मोकळी ठेवावी.

पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात जुने वाडे पाडून नव्या इमारती होताहेत. त्यांना वाढीव चटईक्षेत्र देताना तळमजल्यावर रस्त्यालगत सलग, झाकलेली, सर्वांना खुली वाट ठेवण्याची अट महापालिकांना घालता येईल. मालकाला वर खोली मिळेल, चालणाऱ्याला खाली सावली. आपल्या शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा हे लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.